सिमेंटवाल्यांनी मिळून भाव वाढवला असेल तर जादा गेलेले पैसे परत मागता येतात का?

पेव्हरवाला_वणी
नमस्कार मंडळी. वणीजवळ पेव्हर ब्लॉकचा छोटा कारखाना आहे. कोरपना-गडचांदूरचे सिमेंट कारखाने आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, तरी गेल्या वर्षी सगळ्या ब्रँडचे भाव एकाच आठवड्यात सारखेच चढले. ग्रामपंचायतीच्या कामांचे दर आधीच ठरलेले, म्हणून वाढ पूर्ण माझ्या अंगावर आली. तक्रार केली तर भरपाई मिळते का?

वकीलताई_नागपूर
भाऊ, भारतीय स्पर्धा आयोग (कंपन्यांचं संगनमत तपासणारी सरकारी संस्था) जो दंड लावतो तो सरकारी तिजोरीत जातो, खरेदीदाराला त्यातला रुपयाही मिळत नाही. तुमच्या पैशासाठी स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ५३एन खाली दिल्लीच्या राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात वेगळा अर्ज करावा लागतो, तोही संगनमत झाल्याचा निष्कर्ष निघाल्यावरच. दिवाणी कोर्टात जाऊ नका, कलम ६१ आडवं येतं.

आयोगाकडे माहिती, म्हणजे आपल्या भाषेत तक्रार, कोणीही देऊ शकतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याला तीन वर्षांची मुदत आहे, म्हणून थांबू नका. पण भाव एकदम वाढले एवढ्यावर भागत नाही. २०१२ मध्ये आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांना सुमारे ६,३०० कोटींचा दंड केला, तेव्हा उत्पादक संघटनेच्या बैठका, क्षमता असून कमी ठेवलेलं उत्पादन, हे सगळं तपासलं होतं. तो आदेश २०१५ मध्ये रद्द झाला, २०१६ मध्ये पुन्हा निघाला, २०१८ मध्ये अपिलात टिकला आणि मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एवढा दम ठेवावा लागेल, हे आधीच सांगते.

ठेकेदार_राजुरा
ताई बरोबर बोलल्या. माझं सांगणं फक्त कागदांबद्दल. बिलावरचा भाव म्हणजे तुमचा खरा भाव नव्हे राजेहो! डीलरची सूट, वर्षाअखेरची क्रेडिट नोट, ट्रकभाडं, सगळं वजा करून पोत्यामागे हाती काय पडलं ते काढा. जीएसटी बाजूला ठेवा. त्याचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर आपल्या करातून वजा करून) घेतलं असेल तर तो तोटा धरता येत नाही, शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे करासकट तुलना केली तर आकडाच चुकतो. भाववाढीचे व्हॉट्सअॅप मेसेज तारखेसकट जपा. मोबाइल बदलला की ते गेलेच.

पेव्हरवाला_वणी
मी माल डीलरकडून घेतो, कंपनीकडून नाही. चालेल?

वकीलताई_नागपूर
कलमात थेट खरेदीदारच पाहिजे असं लिहिलेलं नाही, पण डीलरचा नफा वेगळा काढून दाखवावा लागेल. समोरचे म्हणतील, तुम्ही वाढ गिऱ्हाइकावर ढकलली. तिथे ग्रामपंचायतीचे कार्यादेश तुमच्या कामी येतील, कारण दर त्यांवर आधीचाच आहे. ते आजच शोधून ठेवा. आणि एकटे लढू नका भाऊ, खर्च झेपणार नाही. सारखं नुकसान झालेल्यांना न्यायाधिकरणाच्या परवानगीने एकत्र अर्ज करता येतो. २०१२ च्या प्रकरणातही माहिती बिल्डरांच्या संघटनेनेच दिली होती. वकील निवडताना स्पर्धा कायद्याची प्रकरणं चालवलेलाच पाहा.

ठेकेदार_राजुरा
राजुरा-कोरपन्यातले आम्ही काही जण बिलं घेऊन यायला तयार आहोत. वणी, मारेगाव, झरीचे ब्लॉकवाले तुम्ही गोळा करा.