निक्सनना उठवलं नाही तेच बरं झालं!

रात्रपाळी
उतावळ्या नेत्याच्या हाती अणुबॉम्ब असेल तर सल्लागारांनी सरळ वेळ काढावा, या मताचा मी आहे. वेळ पडली तर त्याला झोपेतून उठवूसुद्धा नये. १९७३ चं अरब-इस्रायल योम किप्पूर युद्ध घ्या. इजिप्तची थर्ड आर्मी इस्रायलच्या वेढ्यात. २४ ऑक्टोबरच्या रात्री सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांचं अमेरिकेला पत्र आलं की दोघे मिळून सैन्य पाठवू, नाहीतर आम्हाला एकट्याने विचार करावा लागेल. राष्ट्राध्यक्ष निक्सन वॉटरगेट घोटाळ्याने पार खचलेले, व्हाइट हाउसमध्ये वर झोपलेले. उठवायचं का, असं परराष्ट्रमंत्री किसिंजरने विचारलं. व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ हेग म्हणाले, नको. मग किसिंजर, हेग, संरक्षणमंत्री श्लेसिंजर या मंडळींनीच मध्यरात्रीच्या सुमारास डेफकॉन ३, म्हणजे फौजेला वाढीव युद्धसज्जतेचा इशारा, लावला. रशियाने सैन्य पाठवलं नाही. त्याच महिन्यात ११ तारखेला ब्रिटिश पंतप्रधान हीथना निक्सनशी बोलायचं होतं, तर किसिंजर आपले सहायक स्कोक्रॉफ्टला म्हणाले, नाही म्हणून सांगता येईल का, साहेबांनी चढवलीय! फोनवरचं हे बोलणं नोंदीत आहे. असल्या माणसाला उठवून काय साधलं असतं?

घटनाप्रेमी
साफ असहमत. त्या खोलीत लोकांनी निवडून दिलेला एक तरी होता का? उपराष्ट्राध्यक्ष ॲग्न्यू १० ऑक्टोबरलाच राजीनामा देऊन मोकळे, त्यांच्या जागी फोर्ड डिसेंबरात आले, म्हणजे उपराष्ट्राध्यक्षसुद्धा नाही. आणि अण्वस्त्रांसकट सगळ्या फौजेची सज्जता वाढवली कुणी? झोपलेल्याने नाही, जाग्या असलेल्यांनी.

रात्रपाळी
बरं, मग लेअर्ड? १९७० मध्ये विमानांचं अपहरण झालं, निक्सन म्हणाले पॅलेस्टिनी अपहरणकर्त्यांच्या तळांवर बॉम्ब टाका. तेव्हाचे संरक्षणमंत्री लेअर्ड 'हवामान खराब आहे' सांगत राहिले आणि साहेबांचा राग निवळला. हेही बेकायदा?

घटनाप्रेमी
ते मला चालतं. न करणं मागे घेता येतं. साहेबांच्या नावावर परस्पर करून टाकणं वेगळं.

तिरकस
तुम्ही दोघं मंत्र्यांचंच धरून बसलात. क्षेपणास्त्र दलाच्या प्रशिक्षणात मेजर हॅरॉल्ड हेरिंगने त्याच १९७३ साली विचारलं होतं, आदेश देणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचं डोकं ठिकाणावर आहे हे मी कसं ओळखायचं? त्याला हवाई दलातून काढलं. उत्तर काही दिलं नाही.

रात्रपाळी
म्हणूनच म्हणतो, वरच थोपवायला हवं. ऑगस्ट १९७४ मध्ये श्लेसिंजरने सेनाधिकाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, व्हाइट हाउसमधून काही भलतं आलं तर आधी मला विचारा.

घटनाप्रेमी
कुठल्या कायद्याने? आदेश देण्याचा अधिकार एकट्या राष्ट्राध्यक्षाचा. संरक्षणमंत्र्याची संमती लागतच नाही. उद्या तिथे श्लेसिंजरऐवजी युद्धखोर बसला तर? मार्की आणि टेड ल्यू या अमेरिकी लोकप्रतिनिधींचं विधेयक होतं, काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) युद्ध पुकारल्याशिवाय पहिला अणुहल्ला नाही. ते मंजूर करा की!

रात्रपाळी
क्षेपणास्त्र अर्ध्या तासात येतं, तुमची काँग्रेस तोवर जमली तरी असेल का?

तिरकस
अहो, ते 'पहिला' हल्ला म्हणतायत. पहिला वार करायला कसली आलीय घाई?