पाऊस होता म्हणून जहाजावरच बसायचं?

क्रूझला गेल्यावर बंदरावर पाऊस असेल तर उतरू नये, जहाजावरच आराम करावा, असं काही जण सांगतात. मला नाही पटत. अलास्काच्या क्रूझवर केचिकान या बंदराच्या गावी आम्ही उतरलो तेव्हा धो धो चालू होता. तिथे वर्षाला 3,500 मिमीहून जास्त पाऊस पडतो. आमच्या जळगावकडे 700 च्या आसपास, तोही आला तर. आई (अमळनेरची) धक्क्यावर उभी राहून म्हणाली, "आपला वाटानं पानी आठेच पडस का?" (आपल्या वाट्याचा पाऊस इथेच पडतो का?)

आमचं जहाज गावाला लागूनच उभं होतं, त्यामुळे बस, टॅक्सी काही लागली नाही. क्रीक स्ट्रीट ही ओढ्यावर लाकडी खांबांवर उभी केलेली गल्ली. खाली पाण्यात सामन मासे, अंडी घालायला समुद्रातून उलटे वर चढणारे! प्रवाह मागे ढकलतो, मासा पुन्हा उडी घेतो. आई कठड्याला धरून अर्धा तास हलली नाही. पांझरा, गिरणा कोरड्या पडलेल्या बघत जिचं आयुष्य गेलं, तिला वाहतं पाणीच केवढं अप्रूप.

पाऊस वाढला की टोटेम हेरिटेज सेंटर या संग्रहालयात जा. लिंगिट आणि हैडा या तिथल्या मूळ रहिवाशांच्या ओस पडलेल्या गावांतून आणलेले जुने कोरीव खांब आत आहेत, तेही कोरडे राहून निवांत बघता येतात.

छत्री नको, वाऱ्यात उलटते. टोपीचा रेनकोट आणि न घसरणारे बूट घ्या, ओल्या फळ्यांवर पाय सटकतो. जहाजावर परतायची वेळ मात्र पाळा. आम्ही चिंब होऊन परतलो, आणि आई रात्री जेवतानाही त्या माशांबद्दलच बोलत होती.