केळीची भजी की केळ्याची? आणि मुळात ती भजी म्हणायची का?

गंगापूर रोडवाली :
आमच्या सोसायटीत रविवारी चारच्या चहाला प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायचा ठरलंय. मी ग्रुपवर टाकलं, 'आमच्याकडून केळीची भजी आणि अननसाची भजी.' पाचव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंचा निरोप आला : 'केळीची म्हणजे खोडाची करणार की पानाची?' त्यावर सासूबाई म्हणाल्या, गोडाला भजी म्हणतात का कुठे, गुलगुले म्हण. लेक म्हणते फ्रिटर्स लिही, लोक जास्त येतील. कढई चढायच्या आधीच वाद तापलाय, तेव्हा जाणकारांनी निवाडा करावा.

पंचवटीकर :
बाईंचं बरोबर आहे. केळ (ती) म्हणजे झाड, केळं (ते) म्हणजे फळ. झाडाचं सामान्यरूप 'केळी', म्हणून केळीचं पान, केळीचा खांब, केळीचा सोप. फळाचं सामान्यरूप 'केळ्या', म्हणून केळ्याची साल, केळ्याचं शिकरण. अनेकवचन केलं तरी 'केळ्यांची' होतं, 'केळीची' नाही. बोराचंही तसंच. बोरीखाली बसतो आणि बोराची आठळी थुंकतो. जांभळीवर चढतो, जांभळाने जीभ रंगते. झाड बाई आणि फळ तिचं लेकरू, अशी ही जुनी घडी आहे. आंबा, पेरू आणि चिंच त्यात बसत नाहीत, ते सोडा.

सिडकोतला :
काका, पण हातगाडीवाला 'केळी घ्या केळी' ओरडतो. तो काय झाडं विकतो?

पंचवटीकर :
ते केळंचं अनेकवचन. एक केळं, बारा केळी. पण त्याला 'ची' लागला की रूप बदलतं. पटत नसेल तर गिलकं घ्या. एक गिलकं, चार गिलकी, आणि भजी गिलक्याची. 'गिलकीची भजी' म्हणणारा माणूस मला नाशकात अजून भेटायचाय. (पुण्याकडचे त्याला घोसाळं म्हणतात. तिथेही घोसाळ्याचीच.)

मालेगावची सून :
माझ्या सासरी अहिराणीत ळचा य होतो, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. त्यामुळे तिथे हा प्रश्न वेगळ्याच सुरात येतो. शिवाय आमच्याकडे 'भजे' म्हणतात. 'भजे खाल्ले', 'भजे गरम आहेत.' नाशिकला आले तेव्हा दुकानात 'एक भजी द्या' ऐकून मला कळेना, एक प्लेट की एक नग!

पंचवटीकर :
छान काढलंत. मूळ शब्द नपुंसकलिंगी : ते भजं, ती भजी. जुन्या लेखनात 'भजें', डोक्यावर अनुस्वार. 1962च्या लेखननियमांनंतर लेखी 'भजे' झालं, बोलण्यात 'भजं' राहिलं. मग 'एक भजी' आली कुठून? माझ्या मते गुन्हेगार क्रियापद आहे. 'भजी झाली', 'भजी जळली', 'चांगली भजी'. यात भजी नपुंसकलिंगी अनेकवचनी आहे की स्त्रीलिंगी एकवचनी, ऐकणाऱ्याला कळायला मार्गच नाही, दोन्हीची रूपं सारखी. फरक फक्त 'आहे / आहेत'मध्ये दिसतो. पोराने लहानपणापासून 'भजी झाली' ऐकलं, त्याने ती बाई समजली, आणि पुढे 'भज्या' असं नवं अनेकवचनही काढलं. मला 'भज्या' कानाला टोचतं. पण भाषेला माझ्या कानाची पर्वा नाही.

गंगापूर रोडवाली :
एक भजं, चार भजी, केळ्याची भजी. ठरलं. आता सासूबाईंचा मुद्दा घ्या.

मूळ रत्नागिरी, आता इंदिरानगर :
पदार्थ कसा करताय त्यावर आहे ते. केळं कुस्करून पिठात कालवलं की फळ दिसेनासं होतं. ते गुलगुले. कणीक, गूळ, बडीशेप, वेलची, आणि बोटांनी सोडायचे. आषाढ तळताना कापण्यांबरोबर हेही होतात. केळ्याचे काप करून पिठात बुडवून तळले की आत फळ शाबूत असतं. ती भजी. गोड-तिखटाचा संबंध नाही. कांदाभजीत कांदा ओळखू येतो, तसं इथे केळं ओळखू आलं पाहिजे. गोव्याकडे कुस्करलेल्या केळ्याचे मुळीक करतात, मंगळूरचे बन्स म्हणजे केळं घातलेल्या पुऱ्याच. केरळात उभे काप मैद्यात बुडवून तळतात, त्याला पळंपोरी म्हणतात. पळम् म्हणजे पिकलेलं फळ, पोरि म्हणजे तळलेलं. सरळ नाव, कटकट नाही.

आणि 'काप' म्हणताना जपा. पीठ नुसतं चोळून तव्यावर परतलेली 'कापं' आमच्याकडे वेगळा पदार्थ आहे.

सिडकोतला :
फ्रिटर काय वाईट आहे? एका शब्दात सगळं आलं.

पंचवटीकर :
त्याचा अर्थही 'तळलेलं' एवढाच, लॅटिनमधल्या तळण्याच्या क्रियापदापासून आलेला. त्यात आपल्याहून जास्त काही नाही. गंमत आपल्या शब्दात आहे. भजं आणि भाजणं एकाच घराण्यातले, संस्कृत भर्जनाचे. म्हणजे तळलेल्या पदार्थाला नाव भाजण्याचं! हिंदीतला पकोडा 'पक्व' आणि 'वट' मिळून झालेला, आणि वडा त्याच 'वट'कडचा. सगळे भाऊबंद.

गंगापूर रोडवाली :
शब्द आले, आता हात दाखवते, कारण काल तालीम केली. केळी जळगावकडची, सालीवर काळे ठिपके आलेली, पण दाबल्यावर घट्ट. फार पिकलेलं घेतलं तर पिठूळपणाची साखर झालेली असते. बाहेरचं लगेच काळवंडतं आणि आत लगदा. मैदा तीन वाट्या, तांदळाचं पीठ एक वाटी, चिमूटभर मीठ, हळद नावाला, फ्रिजमधलं गार पाणी. पीठ सरबरीत, म्हणजे चमच्यावरून ओघळेल पण चमचा उघडा पडणार नाही.

अननसाने मात्र पहिल्या घाण्यात फजिती केली. पिठाचा कोट कढईत तरंगतोय आणि चकती खाली नागडी बसलीय! पाणी सुटलं, त्याची वाफ झाली, वाफेने कोट ढकलून दिला. दुसऱ्या घाण्याला चकत्या फडक्यावर टिपून कोरड्या मैद्यात घोळवल्या, मग पिठात. चिकटलं. तेलात पिठाचा थेंब टाकला की तो लगेच वर यायला हवा, पण लाल नाही व्हायला.

आणि हे लिहिताना लक्षात आलं. वर पाच वेळा 'पीठ' लिहिलं. कोरडं तेही पीठ, कालवलेलं तेही पीठ. पातळ पिठाला मराठीत वेगळा शब्द नाहीच का?

मालेगावची सून :
नाही बहुतेक. कणकेचंही तेच : गिरणीतून येते ती कणीक आणि मळून ठेवतो तीही कणीक. आपण वस्तूला नाव न देता तिची अवस्था सांगतो. सैल, घट्टसर, सरबरीत, पळीवाढं. उलट 'मोहन', 'घाणा', 'तळण' अशा कामाच्या शब्दांची रेलचेल आहे. 'पहिला घाणा बिघडला' याला दुसऱ्या भाषेत तीन वाक्यं लागतील.

मूळ रत्नागिरी, आता इंदिरानगर :
पळीवाढं! वा. आमची आजी आमटीला म्हणायची.

सिडकोतला :
नाशकात राहून द्राक्षांची भजी कुणी केली नाही का?

गंगापूर रोडवाली :
लेकीने केलीत. साल घट्ट, आत सगळं पाणी. दुसऱ्या मिनिटाला फुटलं आणि तेल ओट्यापर्यंत उडालं. ज्याला द्राक्ष हवंच आहे त्याने गुलगुल्यांत बेदाणे घालावेत.

ग्रुपवर दुरुस्ती टाकली आहे : 'केळ्याची आणि अननसाची भजी. (केळीची नव्हे.)' खालच्या बाईंचं उत्तर आलं : 'मग मी केळफुलाची आणते, केळीची बाजू राहील.'