राळे खरोखर हाड जुळवतात का? आणि भोगीचा राळ्याचा भात कसा करावा?

प्रश्न (पुणे)

माझ्या सासूबाईंचे माहेर पंढरपूरकडचे. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी-हरभरा-पावट्याची मिसळीची भाजी आणि राळ्याचा (या बारीक दाण्याच्या भरडधान्याचा) भात हे ताट त्यांच्याकडे ठरलेले असे. आमच्या घरात मात्र राळ्याची जागा केव्हाच मुगाच्या खिचडीने घेतली. गेल्या महिन्यात सासऱ्यांचे मनगट मोडले आणि एका नातेवाइकांनी सुचवले की आयुर्वेदाने राळ्यांना हाड सांधणारे म्हटले आहे, तेव्हा दोन्ही वेळा भाताऐवजी राळेच द्यावेत. सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यासाठी गोळ्या चालू आहेत आणि पोटात वात धरण्याची जुनी तक्रार आहे. या सांगण्याला ग्रंथाधार आहे का? शिवाय राळ्यांचे संस्कृत नाव प्रियंगु असल्याचे वाचून मी काष्ठौषधींच्या दुकानात ते मागितले, तर वाळक्या फुलांसारखे काहीतरी हाती आले, जे राळ्यांसारखे मुळीच दिसत नाही. माझी चूक कुठे झाली? आणि भात मोकळा कसा करावा, हेही कोणी सांगावे.

पहिले उत्तर (वैद्य, सातारा)

आधी दुकानातल्या घोटाळ्याविषयी. प्रियंगु या एका नावाने दोन निराळ्या वस्तू ओळखल्या जातात. एक प्रियंगु म्हणजे कंगु, अर्थात आपले राळे; यजुर्वेदात व्रीही, यव, माष, तीळ यांच्या बरोबरीने जे ‘प्रियंगवः’ मागितले आहेत, ते हे धान्य. दुसरी प्रियंगु म्हणजे गहुला ही औषधी वनस्पती. आपणांस बहुधा गहुला मिळाला आहे. तो भाताला उपयोगाचा नाही. (राळ हा झाडाचा डिंकासारखा पदार्थ आणखी वेगळा, त्याचे मलम करतात. तेवढी तिसरी गफलत आपल्याकडून झाली नाही, हे बरे.)

आता ग्रंथाधार. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात धान्यवर्गात कंगूचे काळी, तांबडी, पांढरी आणि पिवळी असे चार प्रकार देऊन पिवळी श्रेष्ठ ठरवली आहे, आणि तिच्या गुणांत ‘भग्नसंधान’ (मोडलेले सांधणे) हा शब्द खरोखरच आहे. म्हणजे आपल्या नातेवाइकांनी मनाचे काही सांगितलेले नाही. मात्र त्यांनी श्लोकातला एकच शब्द उचलला. त्याच ठिकाणी कंगूला वात वाढवणारी, बृंहण करणारी (शरीर पुष्ट करणारी), पचायला जड, रूक्ष आणि कफ हरणारी म्हटले आहे, आणि शेवटी ती घोड्यांना फार गुणकारी असल्याचेही नोंदवले आहे. ज्यांच्या पोटात आधीच वात धरतो आणि ज्यांची हालचाल प्लास्टरमुळे कमी झाली आहे, त्यांना जड व रूक्ष धान्य दोन्ही वेळा देणे हे त्याच श्लोकाच्या उरलेल्या भागाशी विसंगत ठरेल. माझ्या मते आठवड्यातून दोन-तीनदा, दुपारच्या जेवणात, गरम गरम आणि साजूक तूप घालून द्यावेत. भोगीच्या ताटात राळ्यांसोबत तीळ आणि लोणी येते, तेही थंडीच्या ऐन दिवसांत. राळ्यांच्या रूक्षपणाला हा उतारा आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. हाड जुळवण्याचे मुख्य काम मात्र अस्थितज्ज्ञांनी सांगितलेल्या उपचारांचेच.

दुसरे उत्तर (आहारशास्त्र शिकवणारी, नागपूर)

वैद्यांच्या म्हणण्याला पोषणाच्या अंगाने जोड देते. शंभर ग्रॅम राळ्यांत सुमारे 12 ग्रॅम प्रथिने, 4 ग्रॅम स्निग्ध, 8 ग्रॅम तंतुमय अंश आणि केवळ 31 मिलिग्रॅम कॅल्शियम असते; नाचणीत तेच कॅल्शियम 344 मिलिग्रॅम. त्यामुळे हाडांसाठी धान्यच निवडायचे झाले, तर आजचे कोष्टक नाचणीच्या बाजूने बोलते. राळ्यांची जमेची बाजू प्रथिनांत आणि कोंड्यात आहे, आणि पांढऱ्या तांदळाच्या भाताऐवजी ते खाल्ल्यास साखर तुलनेने सावकाश वाढते. परंतु ‘मधुमेहाला चालते’ याचा अर्थ ‘कितीही चालते’ असा घेण्याची आपल्याकडे सवय आहे. राळ्यांतही शंभर ग्रॅममागे साठ ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ आहेत. वाटी मोजूनच वाढावी, पहिले काही दिवस जेवणानंतरची साखर तपासावी, आणि गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.

तिसरे उत्तर (जत, जिल्हा सांगली)

भाताचे मी सांगते. राळे बारीक असल्याने त्यांत रेतीचे कण लपतात, म्हणून नुसते धुऊन भागत नाही, चांगले रोळून (पाण्यात हलवत, रेती तळाशी राहू देऊन) घ्यावे लागतात. रोळल्यावर अर्धा तास भिजवून निथळावेत. पातेल्यात चमचाभर तूप घालून जिऱ्याची फोडणी द्यावी, एका वाटीला सव्वादोन ते अडीच वाट्या पाणी घालावे, मीठ टाकावे, आणि आधण आले की राळे वैरून मंद आचेवर झाकण ठेवावे. पाणी आटले की आच बंद करून दहा मिनिटे झाकण उघडू नये. उतावळेपणाने लगेच ढवळले, की मोकळा भात हाती लागत नाही, गोळा होतो. गरम भातावर लोण्याचा गोळा आणि बाजूला भोगीची भाजी असली, की दुसरे काही लागत नाही. खीर करायची असल्यास राळे आधी पाण्यात पूर्ण शिजवून गूळ विरघळवावा आणि थोडे निवाल्यावर दूध घालावे, नाहीतर दूध फाटते. आपल्या सासऱ्यांना अर्थातच खीर नको. आमच्या सीमाभागात याच धान्याला कानडीत नवणे म्हणतात, त्यामुळे तिकडच्या बाजारात त्या नावाने विचारल्यास चटकन मिळते.

चौथे उत्तर (चेन्नईत राहणारा मराठी वाचक)

इकडे हेच धान्य तिनै म्हणून ओळखले जाते. त्याचे पीठ मधात कालवून मुरुगनला, म्हणजे कार्तिकेयाला, नैवेद्य दाखवतात, कारण त्याची पत्नी वल्ली ही तिनैच्या शेतात पाखरे हाकणारी मुलगी होती, अशी कथा आहे. चीनच्या उत्तर भागात तर बाळंतिणीला या धान्याची पातळ पेज देण्याची जुनी रीत आहे आणि तिथल्या वैद्यकात मोड आणून वाळवलेले राळे पचनासाठी वापरतात. अशक्त माणसाला राळे द्यायचेच असतील, तर घट्ट भातापेक्षा पेज सोपी पडेल, असे मला यावरून वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची आभारी आहे. रोज दोन्ही वेळा राळे देण्याचा बेत सोडला असून बुधवारी आणि रविवारी दुपारी अर्धी वाटी राळे आणि सकाळी नाचणीची आंबील, असे ठरवले आहे. एक शंका राहिली. जवळच्या पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात कांग या नावाने पिवळे, चकचकीत राळे निम्म्या भावात मिळतात. ते चालतील का?

तिसऱ्या उत्तराच्या लेखिका (जत)

नाही चालणार, ताई. ती चकाकी टरफलाची आहे. पोपट ते चोचीने सोलून टाकतो, आपल्याला उखळात कांडून आणि पाखडून काढावे लागते. शिवाय ते धान्य माणसांच्या खाण्यासाठी म्हणून साठवलेले नसते. किराणा दुकानात सडलेले, म्हणजे कांडून टरफल काढलेले, राळे मागावेत. ते फिकट पिवळे, निस्तेज दिसतात. वास घेऊन पाहावा, खवट आला तर घेऊ नयेत, कारण स्निग्धांश असल्याने सडलेले राळे फार काळ टिकत नाहीत. एका वेळी अर्धा किलोच आणावेत.