अडतं ते कायद्यात
बंदरात चांगलं सॉफ्टवेअर बसवलं की कागद आपोआप संपतील, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनी माल चढवल्यावर देते तो दस्तऐवज, ही नुसती पावती नसते. मूळ प्रत ज्याच्या हातात, तोच माल सोडवून घेऊ शकतो, म्हणून तर बँका तिच्यावर कर्ज देतात. पीडीएफच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात. मग ताबा कुणाचा मानायचा? अनसिट्राल या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या २०१७ च्या नमुना कायद्याने नेमकं हेच धरलंय: इलेक्ट्रॉनिक नोंदीवर एका वेळी एकाचंच नियंत्रण असावं आणि ते विश्वासार्ह पद्धतीने दाखवता यावं. ब्रिटनने २०२३ मध्ये याच धर्तीवर कायदा केला. पण माल उतरतो त्या देशात तशी तरतूद नसेल, तर छापील प्रत मागितली जाणारच.

जहाजांची बंदरातली कागदपत्रं सोपी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय फाल कराराखाली १ जानेवारी २०२४ पासून मेरिटाइम सिंगल विंडो, म्हणजे जहाजाची सगळी माहिती एकदाच भरायची ऑनलाइन खिडकी, सक्तीची झाली, हे उत्तमच. मात्र तिथे जमलेली माहिती कस्टम्सने किती पाहायची, आरोग्य खात्याने किती, हे नियमात स्पष्ट हवं. आणि यंत्रणाच बंद पडली तर डेमरेज, म्हणजे माल किंवा जहाज अडकून पडल्याचा दंड, कुणी भरायचं? २०१७ च्या नॉटपेट्या या सायबर हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीची टर्मिनल्स ठप्प झाली होती, त्यामुळे ही कल्पनेतली भीती नाही. टर्मिनलच्या करारांत सायबर हल्ल्याचं कलम वेगळं लिहून घ्यायलाच हवं.