गेटचा कॅमेरा: वर्गणी काढण्याआधी

सेक्रेटरी काका: गेटचा कॅमेरा परत बंद. रात्री लाइट गेली, आल्यापासून स्क्रीन काळी. कॅमेरेवाला म्हणतो, कॅमेरा गेला, नवा घ्या. वर्गणी काढायची का?

सोनवणे काका: काय व्हयनं भो? परवाच तर चालू होता.

चौधरी सर: क्लब हाउसच्या कॉम्प्युटरवरून पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारलं. १९२.१६८.१.५० हा कॅमेऱ्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा नंबर, लगेच उत्तर देतो. कॅमेरा जिवंत आहे.

स्नेहल: सर, कॅमेऱ्याची लॅन वायर काढून परत पिंग करता का?

चौधरी सर: काढली. तरी उत्तर येतंय!

स्नेहल: मग उत्तर देणारा कॅमेरा नाहीच. त्याच आयपीवर दुसरं काहीतरी बसलंय. वायर अशीच राहू द्या, पिंग केलंत त्याच काळ्या खिडकीत एआरपी, स्पेस, मायनस ए टाइप करा. आयपीच्या शेजारी फिजिकल अ‍ॅड्रेस, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा, आकडे-अक्षरांच्या जोड्यांचा पत्ता, दिसेल. तो कॅमेऱ्याखालच्या लेबलशी ताडून बघा.

चौधरी सर: स्टुलावर चढून वाचलं. लेबलवर शेवटी ४-सी, स्क्रीनवर ७-ई. पहिल्या तीन जोड्याही जुळत नाहीत.

स्नेहल: त्या पहिल्या तीन जोड्या कंपनीच्या. आयईईई ही संस्था त्या कंपन्यांना वाटून देते. म्हणजे उपकरण बहुधा वेगळ्याच कंपनीचं आहे. पाण्याच्या मोटारीचा वायफाय कंट्रोलर बघा बरं.

सेक्रेटरी काका: हो! बोअरच्या स्टार्टरवर ७-ई लिहिलंय.

सोनवणे काका: पण मोटारीमुळे कॅमेरा कसा बंद होईल?

स्नेहल: काका, कॅमेऱ्याचं चित्र साठवणाऱ्या रेकॉर्डरला फक्त आयपी माहीत असतो. वायरीवरून माल पोचवायला मात्र फिजिकल अ‍ॅड्रेसच लागतो. म्हणून तो आधी सगळ्या नेटवर्कला विचारतो, ‘१.५० कोणाकडे आहे?’ वॉचमनने अंगणात उभं राहून ‘तीनशेचारचं पार्सल कोणाचं?’ असं ओरडावं तसं. ज्याचा आयपी तो असेल तो आपला फिजिकल अ‍ॅड्रेस सांगतो, आणि रेकॉर्डर ती जोडी थोडा वेळ लक्षात ठेवतो. याला एआरपी म्हणतात, १९८२ पासून हेच चालू आहे. उत्तर खरं की खोटं, हे त्यात कोणी तपासत नाही. दोघांनी उत्तर दिलं की कधी एकाची नोंद टिकते, कधी दुसऱ्याची. कॅमेरा मध्येच दिसायचा, मध्येच जायचा, तो यामुळे.

कॅमेऱ्याला १.५० हाताने टाकलेला आहे. पण राउटर जे नंबर आपोआप वाटतो त्यातच तोही येतो. लाइट गेली की राउटर नव्याने वाटप करतो, आणि मोटारीला तोच मिळाला. नंबर घेताना ‘हा कोणी वापरतंय का’ असं विचारून बघायला हवं, पण बरीच स्वस्त उपकरणं ते करत नाहीत.

लता काकू: मग दोन पत्ते कशाला? एकच ठेवायचा ना.

स्नेहल: चांगला प्रश्न, काकू. फिजिकल अ‍ॅड्रेस कारखान्यातून येतो, ४८ बिटचा. उपकरण जळगावात आहे की बंगळुरात, हे त्यावरून कळत नाही. जगातल्या प्रत्येक उपकरणाची यादी कुठला राउटर ठेवणार? आयपी गटागटाने वाटलेले असतात, म्हणून रस्ता सापडतो. बंगळुरातल्या सर्व्हरला काही पाठवलं, तर त्याचा आयपी पाकिटावर शेवटपर्यंत तोच राहतो. फिजिकल अ‍ॅड्रेस मात्र प्रत्येक राउटरपाशी बदलतो, तो फक्त पुढच्या टप्प्यापुरता.

लता काकू: मग आत्ता ग्रुपवर ४-सी, ७-ई टाकलं, ते बाहेरच्या कोणाच्या हातात पडलं तर?

स्नेहल: त्याचा बाहेरून उपयोग नाही, तो आपल्या राउटरपलीकडे जात नाही. कॅमेऱ्याचा पासवर्ड मात्र इथे टाकू नका.

सेक्रेटरी काका: आता करायचं काय ते सांग, बेटा.

स्नेहल: राउटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन असतं. लेबलवरचा ४-सीवाला अ‍ॅड्रेस आणि १.५० यांची जोडी तिथे पक्की करायची. मग राउटर तो आयपी दुसऱ्या कोणाला देणार नाही. नंतर मोटारीचा कंट्रोलर बंद-चालू करा, वेगळा नंबर घेईल. कॅमेऱ्याची वायर लावा. रेकॉर्डर पण एकदा रिस्टार्ट करा, जुनी नोंद जाईल.

सोनवणे काका: वॉचमनच्या मोबाइलचीही जोडी करून टाका.

स्नेहल: त्याला तसं नको काका. नवे मोबाइल वायफायला स्वतःच बनवलेला फिजिकल अ‍ॅड्रेस देतात, तो बदलू शकतो.

चौधरी सर: केलं. एआरपीत १.५० समोर ४-सी. गेट दिसतंय, दुधवाल्याची गाडीसुद्धा.

सेक्रेटरी काका: वर्गणी रद्द. बाकीच्या कॅमेऱ्यांची लेबलं आज संध्याकाळी वाचून घेऊ, स्टूल कोणाकडे आहे?