गॅरेजमधील हत्यारे आणि गाडीतील हत्यारे: दोन संच ठेवावेत, की एकच संच फिरवावा?

नीराकाठ

नमस्कार. अकलूजजवळ रस्त्याच्या कडेला माझे ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज आहे. पावसाळ्यात बहुतेक ट्रॅक्टर दारात येतात. परंतु उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की निम्म्याहून अधिक कामे शेतात, बांधावर किंवा कारखान्याच्या रस्त्यावर निघतात आणि ती मी जुन्या ओम्नीतून जाऊन करतो. हाताखाली एक मुलगा आहे. मी बाहेर गेल्यावर तो गॅरेजमधील किरकोळ कामे पाहतो, त्यामुळे हत्यारे एकाच वेळी दोन्हीकडे लागतात.

गेल्या हंगामात रात्री साडेदहाच्या सुमारास, गॅरेजपासून १८ किलोमीटरवर, उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर डिझेल संपून बंद पडला. मालकाने कॅनमधून डिझेल आणून ओतले होते, पण लाइनमध्ये हवा शिरल्यामुळे इंजिन पकडत नव्हते. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून फीड पंपाने हवा काढली; पुढे इंजेक्टरच्या पाइपांचे नट सैल करायचे, तर १७ चा (म्हणजे १७ मिलिमीटरचा) पाना पेटीत नव्हता. दुपारी मुलाने तो दुसऱ्या कामासाठी काढला होता आणि तो व्हाइसपाशीच राहिला होता. मंकी पान्याने प्रयत्न केला तेव्हा एका नटाच्या कडा झिजल्या. शेवटी पाना मोटारसायकलवरून मागवावा लागला आणि वीस मिनिटांच्या कामाला अडीच तास लागले. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, म्हणून चालक तेवढा सगळा वेळ हातात बॅटरी घेऊन मागून येणाऱ्या वाहनांना इशारा करत रस्त्यावर उभा होता. ते दृश्य माझ्या मनातून जात नाही.

माझ्याकडे ६-७ पासून २०-२२ पर्यंतचे डबल एंड पाने, तेवढेच रिंग पाने, अर्धा इंच ड्राइव्हच्या १० ते ३२ पर्यंतच्या गोट्या (सॉकेट), काही इंची पाने, एक टॉर्क पाना (नट किती जोराने आवळला ते मोजणारा), दोन पुलर आणि १० टनांचा बाटली जॅक एवढे साहित्य आहे. सगळे दुहेरी घेणे परवडणारे नाही. कोणती हत्यारे दुहेरी घ्यावीत, ओम्नीत ती कशी मांडावीत आणि काम संपल्यावर एखादे हत्यार शेतात राहिले नाही याची खात्री कशी करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

निवृत्त टूलरूम, पिंपरी

आपण प्रसंग तपशीलवार लिहिला हे बरे झाले, कारण त्यातच कारण दिसते. पाना पेटीतून निघाला आणि त्याची जागा रिकामी आहे हे कोणाच्याही नजरेला आले नाही. आपण उद्या दुसरा संच घेतलात आणि ही गोष्ट तशीच राहिली, तर दोन्ही संच अपुरे होतील.

मी ज्या कारखान्यात होतो तेथे प्रत्येक कामगाराला त्याचा क्रमांक कोरलेले पितळी बिल्ले दिलेले असत. टूलरूममधून हत्यार घेताना कामगार आपला बिल्ला देई आणि आम्ही तो त्या हत्याराच्या खुंटीवर अडकवत असू. पाळी संपताना खुंटीवर बिल्ला दिसला, की हत्यार कोणाकडे आहे हे विचारण्याची गरजच पडत नसे. आपल्या गॅरेजमध्ये माणसे दोनच असली तरी ही पद्धत तितकीच उपयोगी आहे. भिंतीवर १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायची फळी लावा, तिला पांढरा ऑइलपेंट द्या आणि प्रत्येक पान्यामागे त्याच्याच आकाराची काळी आकृती रंगवा. पाना जागेवर नसेल तर ती काळी आकृती दारातूनही दिसते. त्या खिळ्यावर पत्र्याची चकती अडकवायची सवय मुलाला लावा: एका रंगाची त्याची, दुसऱ्या रंगाची तुमची.

दुसरी गोष्ट मी आग्रहाने सांगेन. गाडीची पेटी गॅरेजच्या कामासाठी बंद समजावी. गॅरेजमध्ये एखादा पाना सापडत नसेल तर तो शोधावा, नाहीतर नवा आणावा. पण गाडीतला काढू नये. बाहेरच्या कामासाठी गॅरेजमधील हत्यार न्यावे लागले तर चालेल, कारण ते परत येईपर्यंत फळीवरची चकती आठवण देत राहते. उलट दिशेने गेलेल्या हत्याराची आठवण देणारे काहीच नसते आणि तुमचा १७ चा पाना नेमका उलट दिशेने गेला.

ओळखीसाठी गाडीतल्या हत्यारांच्या दांड्याला मधोमध लाल पट्टा रंगवा. चिकटपट्टी लावू नका, डिझेल लागले की ती सुटते. रंगसुद्धा उडतोच, म्हणून दरवर्षी खंडेनवमीला हत्यारे पुसून पूजेला मांडतो त्याच्या आदल्या दिवशी पट्टे नव्याने द्यावेत आणि मोजणीही तेव्हाच करावी. तुमचा हंगाम त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरू होतो, त्यामुळे हा मुहूर्त कामाच्या दृष्टीनेही योग्य आहे. काही जण खूण म्हणून कानशीने पान्यावर खाच पाडतात. तसे करू नये, कारण जोर पडल्यावर पोलाद अशा खाचेपासून तडकू शकते.

हत्यार शेतात राहू नये यासाठी ट्रॅक्टरवर, म्हणजे मडगार्डवर, चेसिसवर किंवा बॅटरीवर, हत्यार ठेवणेच बंद करा. बॅटरीवर ठेवलेला पाना दोन्ही टर्मिनलना टेकला तर काय होते हे ज्याने पाहिले आहे, तो पुन्हा तसे करत नाही. एक जाड, फिकट रंगाचे कापड जमिनीवर अंथरा, प्रत्येक हत्यार त्यावरून उचला आणि त्यावरच ठेवा. बॉनेट बंद करण्यापूर्वी कापडावरची हत्यारे मोजा, इंजिन सुरू करून पाहणे त्यानंतर.

वाळव्याचा ट्रॅक्टरवाला

वरील उत्तरातील फळी आणि कापड या दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. गाडीच्या पेटीबद्दल मात्र माझा अनुभव थोडा वेगळा आहे. दुसरा संच घ्यायचा म्हटले, की माणूस तो स्वस्तातला घेतो आणि रात्री, चिखलात, गंजलेल्या नटावर नेमका तो स्वस्त पाना वापरावा लागतो. त्याचे तोंड फाकते, नट गोल होतो आणि पुढचे काम दुप्पट वाढते. म्हणून चांगली हत्यारे गाडीत असावीत आणि कमी दर्जाची गॅरेजमध्ये, कारण गॅरेजमध्ये व्हाइस, उजेड आणि दुसरा पर्याय हाताशी असतो.

शिवाय पूर्ण संच दुहेरी घेण्याची गरजही नाही. मी एका हंगामात दोन महिने वहीत नोंद ठेवली, की बाहेरच्या प्रत्येक कामाला कोणते हत्यार लागले. पेटीतील निम्मी हत्यारे एकदाही हात न लागता फिरत होती, हे मला त्या वहीमुळे समजले. तुम्हीही आधी ही नोंद करावी आणि खरेदी त्यानंतर करावी, असे मला मनापासून वाटते.

मापे ठरवताना आपल्या भागात कोणते ट्रॅक्टर आणि गाड्या आहेत ते पाहावे लागते. एम ८ बोल्टचे, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे, डोके सर्वसाधारणपणे १३ चे असते, पण जपानी वळणाच्या गाड्यांवर ते १२ चे मिळते. एम १० बोल्टला जुन्या जर्मन पद्धतीत १७, नव्या आंतरराष्ट्रीय मानकात १६ आणि जपानी पद्धतीत १४ चे डोके असते. एम १२ ला त्याच क्रमाने १९, १८ आणि १७. म्हणजे बोल्ट तोच असला तरी पाना बदलतो. ज्याच्याकडे फक्त ट्रॅक्टर येतात त्याला १३, १७ आणि १९ ही मापे सतत लागतात आणि तीच दुहेरी, शक्य असल्यास तिहेरी घ्यावीत. आपली ओम्नीच रस्त्यात बंद पडली तर १०, १२ आणि १४ ची आठवण होते, म्हणून तीही असू द्यावीत.

इंची पान्यांचे ओझे मात्र कमी करता येते. जुन्या मॅसी फर्ग्युसनवर इंची बोल्ट असतात, म्हणून अनेक जण अख्खा इंची संच गाडीत टाकतात. हिशेब केला तर ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेथे बहुतेक वेळा १९ चा पाना बसतो. ५/८ इंच म्हणजे १५.८८, तेथे १६ चालतो. १/२ इंच म्हणजे १२.७, तेथे १३ थोडा सैल पण कामापुरता बसतो, फक्त नट फार घट्ट असेल तर जोर लावू नये. अडचण येते ती ७/१६ आणि ९/१६ या दोन मापांना. ७/१६ म्हणजे ११.११, त्यावर ११ चा पाना जात नाही. ९/१६ म्हणजे १४.२९, त्यावर १४ जात नाही आणि १५ घातला तर कडा गोल होतात. म्हणून मी गाडीत हे दोनच इंची रिंग पाने ठेवतो. बाकीचे गॅरेजच्या फळीवर असतात.

मांडणीबाबत सांगायचे, तर एक मोठी लोखंडी पेटी मी पाच वर्षांपूर्वी बंद केली. त्याऐवजी ताडपत्री शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हासच्या खिशांच्या तीन गुंडाळ्या शिवून घेतल्या आणि त्यांची विभागणी हत्याराच्या प्रकारानुसार नव्हे, तर कामानुसार केली. पहिली डिझेलची: १०, १३, १७, १९ चे पाने, तांब्याची वॉशर, पाइपचा तुकडा, स्वच्छ चिंधी. दुसरी हायड्रॉलिक आणि मागच्या जोडणीची: मोठे पाने, पक्कड, हातोडी, पिना, लिंच पिना आणि ओ रिंगा. तिसरी वायरिंगची. फोनवर तक्रार ऐकली, की कोणती गुंडाळी उचलायची ते ठरते आणि शेतात चिखलातून दोनशे पावले चालायचे असेल तर अख्खी पेटी वाहावी लागत नाही. डिझेलच्या गुंडाळीत १७ चा खिसा रिकामा असेल तर गुंडाळताना बोटांना लागतो. ही खात्री मला कोणत्याही यादीपेक्षा मोठी वाटते. दोन गुंडाळ्यांत १७ चा पाना दोनदा ठेवला आहे. तो खर्च व्यर्थ गेला असे मला कधी वाटले नाही.

वऱ्हाड ऑटो इलेक्ट्रिक

मी अकोल्यात चारचाकींच्या वायरिंगचे काम करतो, त्यामुळे ट्रॅक्टरबद्दल फार लिहीत नाही. परंतु गाडीत काय ठेवू नये याबद्दल सांगतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बंद गाडीच्या आत त्याहून बरीच जास्त उष्णता साठते. क्लीनर किंवा गंज सोडवणाऱ्या स्प्रेच्या डब्यांवर ५० अंशांपेक्षा अधिक तापमानात ठेवू नये, असे छापलेले असते. त्यामुळे असे डबे, तसेच कॉर्डलेस मशीनच्या लिथियम बॅटऱ्या, गाडीत कायम ठेवू नयेत; कामाला निघताना घ्याव्यात आणि परतल्यावर गॅरेजमध्ये सावलीत ठेवाव्यात. मी त्यासाठी हँडल असलेली एक वेगळी टोपली दाराशी ठेवली आहे. मल्टिमीटरही त्याच टोपलीत असतो.

ओम्नीत जड वस्तू शक्य तितकी खाली आणि आडव्या पट्टीला बांधलेली असावी. जॅक मोकळा असेल आणि करकचून ब्रेक लावावा लागला, तर तो चालकाच्या पाठीशी येतो. बाटली जॅक उभाच आणि दट्ट्या पूर्ण खाली घेऊन ठेवावा. आडवा पडून राहिला तर तेल झिरपते, आत हवा जाते आणि तो ऐनवेळी भार उचलत नाही. जॅकसोबत जाड लाकडी फळी बांधून ठेवा, कारण भिजलेल्या काळ्या मातीत जॅक ट्रॅक्टर वर उचलण्याऐवजी स्वतःच खाली रुततो.

सावंतवाडी

एकच भर घालतो. हल्ली फोम कापून त्यात हत्यारांच्या जागा करण्याची पद्धत दिसते. आमच्या दमट हवेत तो मऊ फोम पाणी धरून ठेवतो आणि पाने खालच्या बाजूने गंजतात, वरून मात्र चकचकीत दिसतात. कॅनव्हासची गुंडाळीही ओली झाली तर त्याच रात्री उघडून वाळवावी, पाने तेलाच्या फडक्याने पुसून मगच परत ठेवावेत.

नीराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे वहीत नोंद ठेवली आणि त्यानंतर हे लिहीत आहे. माझ्या नोंदीत १३, १७ आणि १९ ही मापे खरोखरच सर्वांत जास्त वेळा आली, म्हणून या तीन मापांचे रिंग आणि डबल एंड पाने चांगल्या प्रतीचे नवे घेतले आणि ते गाडीत ठेवले. बाकी एकही हत्यार दुहेरी घेतलेले नाही. दोन गुंडाळ्या शिवून झाल्या आहेत, डिझेलची आणि हायड्रॉलिकची. फळी मुलानेच रंगवली. आकृत्या त्याने स्वतः काढल्यामुळे जागा रिकामी राहिलेली त्याला माझ्याआधी दिसते, हे मला विशेष वाटले. जॅक सीटमागच्या पट्टीला बांधला आहे.

एक शंका उरली आहे. टॉर्क पाना एकच आहे. हेडच्या बोल्टसाठी तो गॅरेजमध्ये लागतो, पण शेतात मागच्या चाकाचे नट आवळतानाही तो हवासा वाटतो. तो गाडीत न्यावा का?

निवृत्त टूलरूम, पिंपरी

नेऊ नये. टॉर्क पाना हे मापनाचे साधन आहे आणि रस्त्याच्या हादऱ्यांमध्ये ते रोज फिरत राहिले तर त्याचे माप भरवशाचे राहत नाही. आयएसओ ६७८९ या मानकानुसार १२ महिन्यांनी किंवा ५००० वेळा वापरल्यानंतर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, तो तपासून घ्यावा लागतो; गाडीत फिरणाऱ्या पान्याचा हा हिशेब कोणी ठेवत नाही. शेतात चाकाचे नट लांब दांड्याने समोरासमोरच्या क्रमाने नीट आवळा आणि ट्रॅक्टर मालकाला दुसऱ्या दिवशी गॅरेजवरून जायला सांगा. तेथे टॉर्क पान्याने पुन्हा तपासून द्या. ती तपासणी झाली नाही, तोपर्यंत त्या ट्रॅक्टरच्या नावाची चकती टॉर्क पान्याच्या खिळ्यावर अडकवून ठेवा.